शेगावचा पिनकोड घ्या आणि वजाबाकी करत राहा: ६१७४ शोधणारे देवळालीचे कापरेकर मास्तर

शेगावचा पिनकोड आहे ४४४२०३. त्यातले शेवटचे चार अंक घ्या: ४२०३. आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा.

या चार अंकांपासून सगळ्यात मोठी संख्या बनवा. ती होते ४३२०. मग सगळ्यात लहान बनवा: ०२३४. मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे अंक घेऊन पुन्हा तेच करा. आणि पुन्हा.

४३२० − ०२३४ = ४०८६
८६४० − ०४६८ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

सातव्या वजाबाकीला ६१७४ आलं. आता आणखी एकदा करून बघा. ६१७४ चे अंक उतरत्या क्रमाने ७६४१, चढत्या क्रमाने १४६७, आणि वजाबाकी पुन्हा ६१७४. इथे गाडी थांबते, पुढे जातच नाही.

आता तुमच्या गाडीचा नंबर घ्या, एटीएमचा पिन घ्या (कुणाला दाखवू नका), जन्मवर्ष घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं, कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन थांबते. ११११ किंवा ७७७७ घेतलं तर पहिल्याच वजाबाकीत शून्य येतं, म्हणून तेवढ्या संख्या वगळायच्या.

हे कोडं इन्स्टाग्रामवर दर काही महिन्यांनी फिरतं. कधी 'जादुई नंबर' म्हणून, कधी 'शास्त्रज्ञही चक्रावले' म्हणून. ते शोधणाऱ्या माणसाचं नाव मात्र बहुतेक वेळा कॅप्शनमध्ये नसतं. असलंच तर इंग्रजी स्पेलिंगमध्ये असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी परदेशी प्राध्यापक असेल.

तो माणूस नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होता. नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

डहाणू, ठाणे, पुणे आणि मग देवळाली

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. पुढे वडिलांनीच वाढवलं. वडील पेशाने कारकून, पण त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. ज्योतिष म्हटलं की आकडेमोड आली. मुलाने ग्रहांच्या भानगडी सोडून दिल्या आणि आकडे तेवढे उचलले.

माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. हे बक्षीस विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या नव्या कामासाठी दिलं जायचं. (रँग्लर म्हणजे र. पु. परांजपे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिला क्रमांक मिळवणारे पहिले भारतीय आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य.) १९२९ मध्ये कापरेकर मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले.

त्यांचं औपचारिक शिक्षण इथे संपलं. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. १९३० मध्ये ते देवळालीत शाळेत शिकवायला लागले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शिकवतच राहिले. उरलेल्या वेळात आकडे.

देवळाली म्हणजे लष्करी छावणीचं गाव. ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथे महिनोन् महिने अडकायचे आणि डोक्याने कामातून जायचे, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' हा शब्दच रूढ झाला. अर्थ: वेडा झालेला. कापरेकरांना हा विनोद कुणी ऐकवला असता तर त्यांना राग आला नसता. दारूड्याला जशी आपल्या धुंदीतून बाहेर यायची इच्छा नसते, तसंच माझं आकड्यांबाबत आहे, अशा अर्थाचं ते स्वतःच सांगायचे. 'गणितानंद' ही त्यांची ओळखही त्यातूनच आली.

डोंबिवली स्टेशनवरचं गणित

शेगावहून मुंबईला जाणारी गाडी भुसावळ, नाशिक रोड, देवळाली करत कल्याणला येते आणि मग डोंबिवली ओलांडून पुढे जाते. या एकाच रेल्वेमार्गावर कापरेकरांच्या गणिताची दोन ठिकाणं आहेत. देवळाली हे घर. डोंबिवली हे त्यांच्या पहिल्या गाजलेल्या कल्पनेचं गाव.

तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून ३० मैलांवरच्या या स्टेशनचं नाव 'डेमलो' असं घेतलं जायचं. तिथे कापरेकरांना एका प्रकारच्या संख्या सुचल्या, आणि त्यांनी स्टेशनचंच नाव संख्यांना देऊन टाकलं: डेमलो संख्या. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या भारतीय नियतकालिकात त्यांनी त्यावर लेख लिहिला. शीर्षकात 'वंडरफुल' हा शब्द होता. संशोधनाच्या लेखाला असं शीर्षक सहसा कुणी देत नाही.

यातल्या सगळ्यात देखण्या संख्या शाळेतही दाखवता येतात:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं नऊ वेळा १ लिहिलेल्या संख्येपर्यंत चालतं, तेव्हा उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या एकाला मधे हातचा येतो आणि रांगोळी विस्कटते.

२०२५ आठवतंय?

१ जानेवारी २०२५ ला तुमच्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज आला असण्याची दाट शक्यता आहे: २० + २५ = ४५, आणि ४५ चा वर्ग २०२५. शुभेच्छांसोबत हे वर्ष किती दुर्मिळ आहे हेही सांगितलेलं.

त्या मेसेजमागेही कापरेकरच आहेत. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे केले आणि त्यांची बेरीज घेतली की मूळ संख्याच परत मिळते, तिला जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. ४५ ही तशी एक. ९ पण आहे: ९ चा वर्ग ८१, आणि ८ + १ = ९. आणखी:

५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५
९९ चा वर्ग ९८०१, आणि ९८ + ०१ = ९९
२९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७
७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३

एक अट आहे. दुसरा तुकडा नुसता शून्याचा नको. नाहीतर १०० चे १० आणि ० असे तुकडे करून १० हीदेखील कापरेकर संख्या आहे असं म्हणता येईल, आणि मग मजाच राहणार नाही.

दुर्मिळतेचा दावा मात्र त्या मेसेजमध्ये खरा होता. असं वर्ष याआधी थेट इसवी सन ८१ मध्ये आलं होतं, आणि पुढचं ३०२५ मध्ये येईल.

कापरेकरांनी शोधलेला आणखी एक प्रकार म्हणजे 'हर्षद' संख्या. हर्ष देणारी ती हर्षद. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, ती. २०२५ ची अंकबेरीज ९, आणि २०२५ भागिले ९ म्हणजे बरोबर २२५. म्हणजे ते वर्ष दोन्ही बाजूंनी कापरेकरांचं होतं. रामानुजनची प्रसिद्ध १७२९ ही संख्याही हर्षद आहे: अंकबेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९. शेगावचं ४२०३ घ्या. अंकबेरीज ९, भाग जातो ४६७ वेळा. खुद्द ६१७४ पण हर्षद आहे. बेरीज १८, आणि १८ × ३४३ = ६१७४.

अमेरिकेत याच संख्यांना 'निव्हेन संख्या' म्हणतात. आयव्हन निव्हेन या गणितज्ञाने १९७७ मध्ये एका परिषदेत त्यांच्याबद्दल बोलल्यावर ते नाव पडलं. आज दोन्ही नावं चालतात, पण 'हर्षद' आधीचं आहे. इंग्रजी पुस्तकांतही हा संस्कृत शब्द तसाच छापलेला दिसतो.

स्वयंभू संख्या

कापरेकरांना स्वतःला सगळ्यात प्रिय असलेलं कोडं बहुधा हे असावं. निदान त्यावर त्यांनी सर्वांत जास्त कागद खर्च केला.

कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. १५ घेतली तर १५ + १ + ५ = २१. म्हणजे २१ ही १५ पासून जन्मली. १५ ही तिची जननी. काही संख्यांना दोन जननी असतात. १०१ बघा: १०० + १ = १०१, आणि ९१ + ९ + १ = १०१.

आणि काहींना जननीच नसते. २० घ्या. कोणत्या संख्येत तिचे अंक मिळवले की २० येतात? ९ घेतली तर १८ येतात, १० ला ११, १४ ला १९, १५ ला २१. वीस कुठेच नाही. अशा संख्या कुणापासून जन्मत नाहीत, त्या आपोआपच असतात. इंग्रजीत त्यांचं नाव 'सेल्फ नंबर्स'. आपल्याकडे स्वयंभू. शंभरच्या आत अशा १३ आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. वीसपासून पुढे ११-११ चं अंतर दिसेल. त्याला देवळाली संख्या असंही म्हणतात, कारण कापरेकरांनी गावाचं नावही सोडलं नाही. २०२२ हे वर्ष स्वयंभू होतं. यानंतरचं २०३३ आहे.

१९५९ मध्ये त्यांनी स्वयंभू संख्यांच्या कोड्यांची पुस्तिका काढली आणि १९६३ मध्ये त्यामागचं गणित मांडणारी दुसरी. छापणारा प्रकाशक कुणी मोठा नव्हता. लेखकाने स्वतः, देवळालीहून प्रकाशित, असं पुस्तिकेवर असायचं. त्यांच्या कामाचा बराचसा भाग अशाच पदरमोड करून छापलेल्या पातळ पुस्तिकांत आहे.

लोक हसायचे, त्याचं कारणही समजून घेऊ

देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना कापरेकरांचं काम पोरकट वाटायचं. त्यांच्या कल्पनांना हसणारे पुष्कळ होते. 'मास्तरांच्या गमतीजमती' यापलीकडे त्याला किंमत नव्हती. त्यांचे लेख छापणारी नियतकालिकंही बहुतेक दुय्यम दर्जाची.

आज आपल्याला हा अन्याय वाटतो, आणि काही प्रमाणात तो होताच. पण हसणाऱ्यांच्या बाजूला एक मुद्दा होता. रामानुजनला केंब्रिजला बोलावणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात नेमकी अशाच संख्यांची उदाहरणं दिली आहेत. ८७१२ ही २१७८ ची चौपट असते, ९८०१ ही १०८९ ची नऊपट, म्हणजे अंक उलटे केले की पट मिळते. हार्डींचं म्हणणं असं की ही माहिती कोड्यांच्या सदरात शोभेल, गणितज्ञाला तिच्यात काही मिळत नाही. कापरेकरांचा १९५३ चा एक लेख बरोबर अंक उलटे करण्याच्या प्रश्नांवरच होता!

हार्डींचा आक्षेप साधा आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो, कारण आपल्याला दहा बोटं आहेत. आठ बोटं असती तर ६१७४ चं काहीच महत्त्व उरलं नसतं. १७ ही मूळ संख्या आहे हे मात्र कशाही पद्धतीने मोजलं तरी खरंच राहतं. त्यामुळे ६१७४ चा गुणधर्म संख्येचा म्हणायचा की आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचा?

दोन्हीचा, असं उत्तर पुढे मिळालं. २००० साली डग्लस इआनुची यांनी कापरेकर संख्यांवर शोधनिबंध लिहिला. ९, ९९, ९९९ अशा संख्यांचे विशिष्ट प्रकारचे विभाजक काढले की त्यांवरून सगळ्या कापरेकर संख्या मिळतात, हे त्यांनी दाखवलं. शिवाय दोनच्या पद्धतीत, म्हणजे संगणक ज्या शून्य-एकच्या भाषेत मोजतो तिच्यात, प्रत्येक सम परिपूर्ण संख्या (६, २८, ४९६...) ही कापरेकर संख्याच निघते. परिपूर्ण संख्या म्हणजे जिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच होते ती, आणि तिच्यावर युक्लिडपासून काम चालू आहे. हर्षद संख्यांचंही तसंच. लागोपाठ २१ हर्षद संख्या कधीच सापडणार नाहीत, हे १९९३ मध्ये कूपर आणि केनेडी या दोघांनी सिद्ध केलं. २० सापडतात. त्या इतक्या मोठ्या असतात की लिहायला कागद पुरायचा नाही.

६१७४ ला जादू का म्हणू नये

कापरेकरांनी हा गुणधर्म १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' मध्ये त्यावर त्यांचा लेख छापून आला. आज या संख्येला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

आता समजा, उद्या कुणी मेसेज फिरवला की शेगावच्या पिनकोडमध्ये दैवी अंक दडलेला आहे. आकडेमोड वर केलीच आहे, ती खरीच आहे, त्यामुळे पडताळणाऱ्याला मेसेज पटेलसुद्धा. फक्त हेच अकोल्याच्या, खामगावच्या आणि न्यूयॉर्कच्याही आकड्यांना लागू होतं हे त्यात लिहिलेलं नसेल. शेगावला भाविक येतात ते गजानन महाराजांसाठी. त्यासाठी वजाबाकीची साक्ष लागत नाही.

असं का होतं, हे दहावीच्या गणितात समजतं. चार अंक उतरत्या क्रमाने लावा. पहिल्यातून शेवटचा वजा करा आणि त्याला ९९९ ने गुणा. दुसऱ्यातून तिसरा वजा करा आणि त्याला ९० ने गुणा. दोघांची बेरीज म्हणजेच तुमच्या वजाबाकीचं उत्तर. ४३२० साठी करून बघू: ४ − ० = ४, ते झाले ३९९६. ३ − २ = १, ते झाले ९०. बेरीज ४०८६. वर हेच आलं होतं.

म्हणजे चार अंक कोणते आहेत याला महत्त्वच नाही. महत्त्व आहे ते दोन फरकांना. पहिला फरक १ ते ९ पैकी काहीतरी असणार, आणि दुसरा त्याच्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर भरतात फक्त ५४. संख्या जवळपास दहा हजार, पण पहिल्या वजाबाकीनंतर सगळ्या मिळून ५४ उत्तरांत येऊन बसतात. अंकांचा क्रम सोडून दिला तर त्यांतही वेगळे संच ३० च उरतात. या ३० वाटा कुठे जातात हे वहीत बसून तपासता येतं, आणि सगळ्या ६१७४ ला मिळतात.

१००० ते ९९९९ मधल्या (सगळे अंक सारखे असलेल्या नऊ सोडून) ८९९१ संख्यांचा हिशेब असा लागतो: एक वजाबाकी लागणाऱ्या ३५६, दोन लागणाऱ्या ५१९, तीन लागणाऱ्या २१२४, चार ११२४, पाच १३७९, सहा १५०८ आणि सात १९८०. एक ६१७४ स्वतः, तिला शून्य. म्हणजे तीन वजाबाक्या हे सगळ्यात जास्त वेळा येणारं उत्तर. शेगावला सात लागल्या. आठ कुणालाच लागत नाहीत.

करून बघताना बहुतेक जण एक चूक करतात. २१११ घेतलं तर २१११ − १११२ = ९९९ येतं. इथे तीनच अंक आले म्हणून लोक थांबतात किंवा तीन अंकांवरच पुढे जातात. पुढे शून्य लावून ते ०९९९ असं चार अंकी ठेवायचं. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, पुढे ८५३२ आणि मग ६१७४.

सहा अंकांना काय होतं?

हा प्रश्न पडायलाच हवा. पिनकोडचे शेवटचे तीनच अंक घ्या: २०३. वजाबाक्या होतात २९७, ६९३, ५९४ आणि मग ४९५. तीन अंकांचा मुक्काम ४९५ ला.

दोन अंकांना मुक्काम नाही. ०३ घेतलं तर २७, ४५, ०९, ८१, ६३ आणि पुन्हा २७. गोल गोल फिरत राहतं. पाच अंकांचंही तसंच, तिथे अशी तीन वेगवेगळी चक्रं आहेत.

सहा अंकांना दोन मुक्काम आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४. पण प्रत्येक संख्या तिथे पोहोचतेच असं नाही. शेगावचा अख्खा पिनकोड लावून बघा:

४४४३२० − ०२३४४४ = ४२०८७६

पुढे येतात ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. सात थांब्यांची प्रदक्षिणा, आणि शेगाव पहिल्याच वजाबाकीत त्या वाटेला लागतं. कितीही वेळ कॅल्क्युलेटर दाबत बसलात तरी बाहेर पडता येणार नाही. चार अंकांचं वैशिष्ट्य यावरून कळतं: तिथे मुक्काम एकच आणि भटकायला चक्र एकही नाही. तीन आणि चार अंक सोडले तर इतका सरळ हिशेब पुढे मिळत नाही.

मार्च १९७५

१९६२ मध्ये कापरेकर निवृत्त झाले. पेन्शन पुरत नव्हतं. १९६६ मध्ये पत्नी गेली. घर चालवायला गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. पुस्तिका काढणं आणि पत्रव्यवहार करणं यातून सुटलं नाही. या काळातही ते सायकलवरून फिरायचे, विद्यार्थ्यांना घेऊन नदीकाठी बसायचे आणि प्रमेयांचा विचार करायचे.

मग अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातलं गार्डनर यांचं गणिती खेळांचं सदर जगभरचे गणितज्ञ आणि हौशी लोक वाचायचे. कॉनवेचा 'गेम ऑफ लाइफ' याच सदरातून १९७० मध्ये घराघरात गेला होता. मार्च १९७५ च्या अंकात गार्डनरनी कापरेकरांची आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांची ओळख करून दिली. देवळालीच्या निवृत्त मास्तरांचं नाव एका महिन्यात जिथे पोहोचलं, तिथे ४० वर्षांच्या पुस्तिका पोहोचल्या नव्हत्या.

तेव्हा ते ७० वर्षांचे होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचं निधन झालं.

आज कोडिंग शिकणारी मुलं 'हर्षद नंबर ओळखणारा प्रोग्राम लिहा' हा स्वाध्याय सुरुवातीलाच करतात. कापरेकरांच्या वजाबाकीचा प्रोग्राम त्यानंतर येतो. त्यातल्या किती जणांना हर्षद हा मराठीतही वापरला जाणारा शब्द आहे हे लक्षात येत असेल, हा वेगळा प्रश्न. जपानी गणितज्ञ युताका निशियामा यांनी २००६ मध्ये ६१७४ वर लिहिलेला लेख इंटरनेटवर खूप वाचला गेला, आणि आजच्या बऱ्याच रील्स आणि व्हिडिओंचं मूळ तिथेच असावं.

वर्गात करून बघायचं असेल तर

शिक्षकांसाठी एक सोपी सोय आहे. ५४ जोड्या फळ्यावर लिहा, प्रत्येक विद्यार्थ्याला एक द्या. पहिला फरक ६ आणि दुसरा २ ही जोडी ज्याला मिळेल त्याचं उत्तर थेट ६१७४: ५९९४ + १८०. बाकीच्यांनी आपापली संख्या पुढे न्यायची, आणि दुसऱ्या कुणाच्या उत्तराशी जुळली की तिथे बाण काढायचा. एका तासात फळ्यावर नद्यांसारखा नकाशा तयार होतो आणि सगळे प्रवाह एकाच जागी उतरतात. मुलांनी केलेली ही एक पूर्ण सिद्धताच असते. त्यात कुणाचा शब्द मानून घ्यावा लागत नाही.

याच नकाशात दोन ओळखीच्या संख्या शेजारी सापडतील. कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ घ्या. ९५१० − ०१५९ = ९३५१. मग ९५३१ − १३५९ = ८१७२. शेगावचं ४२०३ सुद्धा दुसऱ्याच वजाबाकीला ८१७२ वर आलं होतं. पुढच्या पाच वजाबाक्या दोघांच्या सारख्याच आहेत.